काकवी म्हणजे काय? बारामती-इंदापूरच्या उसातला हा पातळ गूळ किती पौष्टिक आणि कसा वापरायचा?

भाकरीवर तुपाची धार आणि त्यावर मधासारखी दाट, तांबूस-तपकिरी काकवी. ऊस पट्ट्यातल्या घरांना हा पदार्थ नवा नाही. पण गेल्या काही वर्षांत काकवी बाटलीत भरून शहरात पोहोचली आणि तिच्याबद्दलचे दावेही सोबत पसरले. ‘काकवी खा, रक्त वाढेल’, ‘शुगर असली तरी चालते’, ‘लोहाच्या गोळ्यांची गरजच नाही’ असे मजकूर व्हॉट्सअॅपवर आणि रील्समध्ये सतत दिसतात. दुसरीकडे, जपानी सुशीवर ओतल्या जाणाऱ्या गोड सॉसमध्ये साखरेऐवजी काकवी वापरण्याच्या पाककृतीही आता फिरू लागल्या आहेत.

काकवी कशी बनते, तिच्यात नेमकं काय असतं, कोणते दावे खरे, कोणते धोक्याचे आणि स्वयंपाकात ती कशी वापरायची, हे समजून घेऊ.

थोडक्यात

- काकवी म्हणजे उसाचा रस आटवून केलेला पातळ गूळ. तिचा साधारण दोन तृतीयांश भाग साखर असतो.
- तिच्यात लोह आणि कॅल्शियम असतं, पण चमचाभर काकवीतून मिळणारं प्रमाण थोडं असतं.
- रक्ताल्पतेवर ती औषध नाही. मधुमेहात ती साखरेइतकीच मोजून-मापून घ्यायची गोष्ट आहे.
- चवीसाठी मात्र ती उत्तम आहे. भाकरी, धिरडं, चटणी, सरबत ते जपानी पद्धतीचा सॉस, सगळीकडे चालते.

काकवी, गूळ आणि मळी यांत फरक काय?

गूळ आणि काकवी एकाच रसापासून होतात. उसाचा रस काहिलीत आटवत नेला की तो आधी दाट पाक होतो आणि पुढे आणखी आटवला की थंड झाल्यावर घट्ट बसतो. घट्ट बसतो तो गूळ. त्याआधीच, साधारण 105-106 अंश सेल्सिअसला उतरवून घेतलेला पाक म्हणजे काकवी. गुळासाठी हेच तापमान 116 ते 118 अंशांपर्यंत न्यावं लागतं. म्हणजे फरक दहा-बारा अंशांचा आणि शिल्लक राहिलेल्या पाण्याचा.

इंटरनेटवर काकवीचं भाषांतर अनेकदा ‘मोलॅसिस’ असं केलेलं असतं. इथे गोंधळ होतो. साखर कारखान्यात रसातली साखर स्फटिकांच्या रूपात काढून घेतल्यावर उरणारा काळपट द्रव म्हणजे मोलॅसिस, ज्याला कारखान्याच्या भाषेत मळी म्हणतात. तिच्यातून साखर काढून झालेली असते, त्यामुळे उरलेली खनिजं त्यात एकवटतात. परदेशात ‘ब्लॅकस्ट्रॅप मोलॅसिस’ लोहासाठी विकलं जातं, ते या प्रकारातलं. आपल्याकडच्या कारखान्यांची मळी प्रामुख्याने मद्यार्क, इथेनॉल आणि पशुखाद्यासाठी जाते. ती खाण्यासाठी म्हणून तयार केलेली नसते.

काकवीतून साखर काढलेली नसते. म्हणून परदेशी मोलॅसिसचे आकडे उचलून काकवीला लावणं चुकीचं आहे. समाजमाध्यमांवरच्या बऱ्याच दाव्यांचं मूळ याच गोंधळात आहे.

बारामती-इंदापूरमध्ये ऊस आला कुठून?

पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग मुळात कमी पावसाचा. ज्वारी-बाजरी हीच इथली जुनी पिकं. चित्र बदललं ते नीरा डाव्या कालव्यामुळे. 1876-77 च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर या कालव्याचं काम झालं आणि 1880 च्या दशकात कालव्याचं पाणी बारामती, इंदापूर भागात खेळू लागलं. पाणी आलं तसा ऊस वाढला. त्या काळात आसपास साखर कारखाने नव्हते, त्यामुळे उसाचा गूळ होई आणि बारामती ही गुळाची बाजारपेठ बनली.

1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा खासगी साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांचं जाळं तयार झालं. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी शंकरराव पाटील आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या फुगवट्याचं पाणी इंदापूरच्या उत्तर भागालाही मिळू लागलं. बहुतेक ऊस कारखान्याकडे वळला आणि गुऱ्हाळं मागे पडली. आज महाराष्ट्रात गुळाचं नाव निघालं की आधी कोल्हापूर आठवतं. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

या पट्ट्यात दिसणाऱ्या उसाच्या जातींपैकी ‘को 86032’ ही एक प्रमुख जात. नीरेकाठच्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राने ती महाराष्ट्रासाठी दिली आणि तिचं नावच ‘नीरा’ ठेवलं. साखरेसोबत गूळ आणि काकवीसाठीही ही जात चांगली मानली जाते.

गुऱ्हाळात काकवी कशी होते?

1. पक्व ऊस चरकातून काढून रस गाळतात. तोडलेला ऊस लवकर गाळणं महत्त्वाचं, कारण शिळ्या उसातली साखर मोडायला लागते.
2. रस मोठ्या काहिलीत ओतून चुलवाणावर तापवतात. जळण म्हणून रस काढून वाळवलेली चिपाडंच वापरतात.
3. रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यामुळे रसातली घाण फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. रसाची आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळीही बेताने वापरली जाते.
4. पाक योग्य दाट झाला की काहील उतरवतात. नेमकी वेळ ओळखणं हे गुळव्याचं कसब. लवकर उतरवली तर काकवी पातळ राहून आंबते, उशीर झाला तर तळाशी साखर धरते.
5. थंड झालेली काकवी काही दिवस स्थिर ठेवतात. गाळ खाली बसतो आणि वरची स्वच्छ काकवी बाटल्यांत भरतात. साखरेचे खडे होऊ नयेत म्हणून काही उत्पादक अगदी थोडं सायट्रिक अॅसिड घालतात.

100 ग्रॅम काकवीत काय असतं?

उसाची जात, जमीन आणि आटवण्याची पद्धत यांनुसार आकडे बदलतात. साधारण प्रमाण असं:

- पाणी: 30 ते 36 ग्रॅम
- सुक्रोज, म्हणजे नेहमीची साखर: 40 ते 60 ग्रॅम
- ग्लुकोज आणि फ्रुक्टोज: 15 ते 25 ग्रॅम
- कॅल्शियम: सुमारे 300 मिलिग्रॅम
- लोह: सुमारे 8.5 ते 10 मिलिग्रॅम
- प्रथिनं: नगण्य

आकडे 100 ग्रॅमचे आहेत, खाल्ली जाते ती चमचाभर. एका मोठ्या चमच्यात साधारण 20 ग्रॅम काकवी मावते. त्यातून सुमारे 13 ग्रॅम साखर, 50 ते 55 कॅलरी, 60 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅम लोह मिळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. रोज 2000 कॅलरी घेणाऱ्यासाठी हे प्रमाण अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होतं. काकवी, गूळ आणि मध यांतली साखरही याच हिशेबात धरायची असते. म्हणजे दोन मोठे चमचे काकवी खाल्ली की 25 ग्रॅमचा कोटा संपला. चहा, बिस्किटं, शिरा यांतली साखर त्याच्यावर.

‘काकवीने रक्त वाढतं’ हे खरं आहे का?

हा प्रश्न हलक्यात घेण्यासारखा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण 54 टक्क्यांच्या आसपास होतं. ‘गोळ्यांनी मळमळतं, त्यापेक्षा काकवी खा’ हा सल्ला ऐकून एखाद्या गर्भवतीने गोळ्या सोडल्या, तर नुकसान तिचं आणि बाळाचं होतं.

हिशेब करून पाहू. आयसीएमआर-राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम आणि पुरुषाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं. काकवीत 100 ग्रॅममागे 10 मिलिग्रॅम लोह आहे असं उदारपणे धरलं, तरी स्त्रीची रोजची गरज केवळ काकवीतून भागवायला 290 ग्रॅम काकवी खावी लागेल. त्यासोबत सुमारे 190 ग्रॅम साखर पोटात जाईल.

गर्भवतींना ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात दिल्या जाणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. तेवढ्यासाठी 600 ग्रॅम काकवी लागेल. गोळीची जागा काकवी घेऊ शकत नाही, हे इथेच स्पष्ट होतं. गोळ्यांचा त्रास होत असेल तर त्या बंद करण्याऐवजी आशाताई, परिचारिका किंवा डॉक्टरांना सांगावं. वेळ किंवा गोळी बदलून त्रास कमी करता येतो.

आता ताटातल्या भाकरीकडे बघा. बाजरीत 100 ग्रॅममागे सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह असतं. 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून जवळपास 4 मिलिग्रॅम लोह मिळतं, म्हणजे तिच्यावर ओतलेल्या चमचाभर काकवीच्या दुप्पट. सोबत प्रथिनं आणि तंतुमय घटकही मिळतात. हुलगा आणि मटकीतलं लोह बाजरीपेक्षाही जास्त असतं. बारामती-इंदापूरच्या जिरायत भागातली बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं हा जुना आहार लोहाच्या बाबतीत काकवीपेक्षा वरचढ ठरतो.

धान्य, कडधान्य आणि काकवीतलं लोह शरीरात पूर्ण शोषलं जात नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा-कॉफी घेतली तर कमी होतं.

मधुमेहात काकवी चालते का?

‘नैसर्गिक साखर बाधत नाही’ हा दुसरा लोकप्रिय गैरसमज. काकवीत सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. पांढऱ्या साखरेतही सुक्रोजच असतं आणि पचनात त्याचं ग्लुकोज व फ्रुक्टोजच होतं. रंग तपकिरी असल्याने रक्तातली साखर कमी वाढत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांनी काकवीला साखरच समजावं आणि किती घ्यायची ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावं.

दोन वर्षांखालच्या मुलांच्या खाण्यात वरून साखर घालू नये असा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात. तो काकवीलाही लागू होतो.

स्वयंपाकात काकवी कुठे वापरायची?

काकवीची खरी ताकद तिच्या चवीत आहे. रस आटताना तयार होणारा खमंगपणा, किंचित खारट-आंबट झाक आणि उसाचा वास पांढऱ्या साखरेत सापडत नाही.

- भाकरी, घावन, आंबोळी, धिरडं: वरून तूप आणि एक चमचा काकवी.
- सरबत: गार पाण्यात लिंबू, चिमूटभर मीठ, सुंठ आणि एक छोटा चमचा काकवी.
- चिंच-खजुराची चटणी, आमटी, भरली वांगी: गुळाऐवजी थेट काकवी. विरघळण्याची वाट पाहावी लागत नाही.
- केक आणि कुकी: काकवीत पाणी असल्याने पाककृतीतला द्रव थोडा कमी करावा.
- दुधाचे पदार्थ: गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावर घालावी. उकळत्या दुधात घातली तर ते फाटू शकतं.

100 ग्रॅम गुळाऐवजी साधारण 130 ग्रॅम काकवी घेतली की गोडी सारखी होते. चिक्की किंवा लाडूचा पाक करायचा असेल तर ती आधी आटवावी लागते, त्यामुळे तिथे गूळच सोयीचा.

सुशीवरचा गोड सॉस आणि काकवी

सुशीच्या ताटात दिसणारा गडद, चकाकणारा गोड-खारट सॉस बहुधा उनागीचा सॉस असतो. उनागी म्हणजे गोड्या पाण्यातला ईल मासा. निखाऱ्यावर भाजताना त्याला हा सॉस पुन्हा पुन्हा लावतात. सोया सॉस, मिरिन नावाचं गोड तांदळाचं मद्य, साके आणि साखर हे मूळ घटक आटवून तो तयार होतो. सुशीच्या जुन्या परंपरेत समुद्री ईल शिजवलेलं पाणी आटवून ‘नित्सुमे’ नावाचा असाच सॉस करतात. बाजारातल्या बाटलीत बहुतेक वेळा ईल नसतो. तो ‘ईलसाठीचा’ सॉस असतो. काही बाटल्यांत मात्र माशाचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी लोकांनी घटक वाचूनच घ्यावा. सोया आणि गव्हाची अॅलर्जी असणाऱ्यांनीही तेच करावं, कारण सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो.

जपानलाही काकवीसारखा पदार्थ अनोळखी नाही. ओकिनावा बेटांवर उसाचा रस आटवून ‘कोकुतो’ नावाचा काळा गूळ करतात. तो पाण्यात विरघळवून केलेला ‘कुरोमित्सु’ हा दाट पाक गोड पदार्थांवर ओततात. रंगाने आणि चवीने तो काकवीचा जवळचा नातलग म्हणता येईल.

घरी करायचा असेल तर मद्याशिवायची सोपी पद्धत अशी:

- सोया सॉस 4 मोठे चमचे
- काकवी 4 मोठे चमचे
- पाणी 4 मोठे चमचे
- व्हिनेगर 1 छोटा चमचा, आल्याचे दोन काप

सगळं मंद आचेवर ठेवून साधारण 8 मोठे चमचे उरेपर्यंत आटवावं आणि गाळून घ्यावं. थंड झाल्यावर सॉस आणखी दाट होतो, म्हणून थोडा पातळ असतानाच उतरवावा. काकवी लवकर करपते, त्यामुळे मासा, पनीर किंवा वांगं भाजताना हा सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांत लावावा. उजनीच्या पाण्यातली चिलापी किंवा वाम भिगवणच्या बाजारात मिळते. दोन्ही अशा भाजण्याला चांगली लागतात. वाम दिसायला सापासारखी लांब असली तरी ती जपानी उनागीपेक्षा वेगळ्या कुळातली आहे. जपानी ईलची नोंद 2014 पासून संकटग्रस्त प्रजातींमध्ये आहे, त्यामुळे स्थानिक मासा वापरणं त्या अर्थानेही बरं.

पोषणाच्या बाजूने इथे साखरेपेक्षा मिठाकडे जास्त लक्ष हवं. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. वरच्या मापाने तयार सॉसच्या प्रत्येक मोठ्या चमच्यात जवळपास 450 मिलिग्रॅम सोडियम आणि साडेसहा ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेची सोडियमची मर्यादा दिवसाला 2000 मिलिग्रॅम आहे. म्हणजे दोन चमचे सॉस घेतला की मर्यादेचा जवळपास निम्मा भाग संपतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी सॉस ओतण्याऐवजी बुडाला टेकवण्यापुरता घ्यावा. साखरेऐवजी काकवी घातल्याने हा सॉस ‘हेल्दी’ होत नाही, फक्त चव बदलते.

विकत घेताना काय पाहायचं?

- बाटलीवर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, घटक आणि तारीख असावी.
- घटकांमध्ये वेगळी साखर किंवा रंग लिहिला असेल तर ती केवळ उसाची काकवी नाही.
- फार फिकट, पिवळाधमक रंग म्हणजे शुद्धता असं समजू नये. गूळ-काकवीचा रंग उजळवण्यासाठी सल्फरयुक्त रसायनं वापरली जाण्याचे प्रकार होतात.
- ‘पाण्यात टाका आणि भेसळ ओळखा’ अशा व्हिडिओंवर विसंबू नये. साखर घातलेली काकवीही पाण्यात तशीच विरघळते. खात्री प्रयोगशाळेतच होते.
- शक्य असेल तर गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, ओळखीच्या गुऱ्हाळावरून घ्यावी.

काचेच्या कोरड्या बरणीत, ओला चमचा न घालता ठेवावी. तळाशी खडे धरले तर बरणी कोमट पाण्यात ठेवावी, ते विरघळतात. फेस आला, आंबूस वास सुटला किंवा वर बुरशी दिसली तर मात्र टाकून द्यावी.

मग रोज किती खावी?

निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसभरातली बाकीची साखर कमी करून एक ते दोन छोटे चमचे काकवी खाल्ली तर हरकत नाही. चहातली साखर तशीच ठेवून वर काकवी सुरू केली, तर ती फक्त जास्तीची साखर ठरते. रक्त कमी असेल तर हिमोग्लोबिनची तपासणी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि ताटात बाजरी, कडधान्यं, पालेभाज्या हा मार्ग आहे. काकवी त्या भाकरीची चव वाढवते, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.